बाळपणच्या करमणुकी व त्यांचे कायदे

शाळेच्या वार्षिकांत "आमच्या वेळचे खेळ" ह्या विषयावरील लेख आला म्हणजे विद्यार्थी हंसतात आणि पालक उसासा टाकतात. ह्या दोहोंचाहि फारसा उपयोग होतो असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत उसाशांस शक्य तितका फांटा देऊन, ते खेळ चालत कसे, त्यांचे कायदे कोण करी, आणि त्यांत कोणास जागा मिळे व कोणास मिळत नसे, हें समजावून सांगण्याचा आमचा विचार आहे.

गेलेल्या दिवसांच्या ओढीस इंग्रजींत 'नॉस्टॅल्जिया' असा शब्द आहे. तो मूळचा वैद्यांचा, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. इ. स. १६८८ सालीं बाझल येथें योहानेस होफर नांवाच्या एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत 'घरीं परतणें' व 'वेदना' ह्या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडविला. घरापासून दूर पडलेले स्विस तरुण, विशेषतः परमुलखांत चाकरीस गेलेले शिपाई, घराच्या आठवणीनें झुरत. त्या झुरणीचें तें नांव होतें. म्हणजे आरंभीं तो रोग होता. अलीकडे मराठींत त्यास 'स्मरणरंजन' म्हणूं लागले आहेत. दोन अडीचशें वर्षांत रोगाचें रंजन झालें, ही प्रगति म्हणावी कीं काय हें वाचकांनींच ठरवावें.

आतां खेळांकडे वळूं. आमच्या खेळांतील सर्वांत चमत्कारिक शब्द 'राज्य' हा होय. ज्याच्यावर राज्य येई तो राजा नव्हे. तो एकटा, आणि बाकीचे सारे त्याच्या विरुद्ध! लपंडावांत भिंतीकडे तोंड करून आंकडे मोजावयाचे ते त्यानें. शिवाशिवींत धापा टाकीत धांवावयाचें तें त्यानें. राज्य येणें ही शिक्षा व राज्यांतून सुटणें ही मुक्तता, अशी ही उलटी राज्यपद्धति होती. राज्य कोणावर यावें हें ठरविण्यासाठीं 'चकावें' लागे. सर्वांनीं एकदम तळहात पुढें करावयाचे, कोणाचा उताणा, कोणाचा पालथा; ज्याचा हात इतर सर्वांहून निराळा पडे तो सुटला. असें करतां करतां शेवटीं जो उरे त्याच्यावर राज्य. येथें वय, उंची, बापाचा हुद्दा, परीक्षेंतील नंबर ह्यांपैकीं कशाचीहि मातब्बरी चालत नसे. मध्येंच कोणाच्या पायांत कांटा मोडला किंवा आईनें हांक मारली, तर 'टॅम्प्लीज' म्हणून थांबण्याची सोय होती. हा शब्द म्हणजे 'टाइम प्लीज', हें इंग्रजी शिकूं लागल्यावर ध्यानांत आलें. 'डबा ऐसपैस' ह्यांतील 'ऐसपैस' हाहि साहेबांच्या मुलांच्या 'आय स्पाय' ह्या लपंडावाचाच मराठी अवतार मानण्यास जागा आहे. ह्या खेळांत एक लबाडी सर्वमान्य होती: दोघांनीं आडोशास सदरे बदलावयाचे आणि सदऱ्याची बाही तेवढी दाखवावयाची. राज्यवाल्यानें सदरा पाहून भलत्याचें नांव घेतलें कीं सगळीकडून "अंडं फुटलं!" असा गजर होई, आणि राज्य पुनः त्याच्याच गळ्यांत पडे.

विटीदांडूची मोजणी हा तर भाषाशास्त्राचा एक लहानसा धडाच आहे. विटी दोन्ही टोंकांस निमुळती, वितीहून लहान. दांडू सुमारें हातभर. जमिनींत लांबट गल खणावयाची, तीवर विटी आडवी ठेवावयाची आणि दांडूनें ती दूर कोलावयाची. समोरच्यांनीं ती वरच्यावर झेलली तर खेळणारा बाद. न झेलली तर ती जेथें पडली तेथून गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर नेमानें फेकावयाची. नेम लागला तरी बाद. नेम हुकला म्हणजे खऱ्या टोल्यांस आरंभ, आणि मग विटी गेली असेल तें अंतर दांडूनें मोजणें. हें मोजतांना एक, दोन, तीन असें म्हणावयाचें नाहीं! 'वकट, लेंड, मूंड, नाल' असें म्हणावयाचें. त्यापुढील शब्द गांवोगांव निराळे. मोजणी ज्या शब्दावर संपे त्यावरून पुढील टोला कसा मारावयाचा हें ठरे: कोणता पायाच्या चवड्यावर विटी ठेवून, कोणता मुठीवर, कोणता बोटांच्या बेचक्यांत धरून, तर कोणता मान मागें टाकून डोळ्यावर ठेवून. आतां तेलुगु भाषेंत एकास 'ओकटि', दोहोंस 'रेंडु', तिहींस 'मूडु' व चोहोंस 'नालुगु' म्हणतात. ज्या पोरानें जन्मांत तेलुगु बोलणारा मनुष्य पाहिला नाहीं, तें पोर कोंकणाच्या वाटेवर किंवा देशावरच्या बोळांत तेलुगूंतून आंकडे मोजीत असे. हे आंकडे त्यास गुरुजींनीं शिकविले नव्हते, आईबापांनींहि नव्हते. थोरल्या पोराकडून धाकट्या पोरानें उचलावे, आणि त्यानें आपल्याहून धाकट्यास द्यावे, एवढाच त्यांचा प्रवास. तो मात्र पिढ्यान् पिढ्या चाललेला.

हा प्रवास कसा होतो ह्याचा कसून अभ्यास इंग्लंडांत आयोना व पीटर ओपी ह्या दांपत्यानें केला. शाळाशाळांतून मुलांचे बोल व खेळ जमवून त्यांनीं १९५९ सालीं एक व १९६९ सालीं दुसरा असे दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांचें एक निरीक्षण आम्हां वडीलधाऱ्यांस टोंचणारें आहे. जुने खेळ मरत चालले, ही तक्रारच मुळीं जुनी आहे, असें ते म्हणतात. आज जे हळहळतात ते लहानपणीं तेच खेळ जोरानें खेळत होते, तेव्हांहि त्यांचे वडील हेंच म्हणत होते! आमच्याकडे हें संकलनाचें काम बडोद्यास झालें. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनीं संपादिलेल्या दहा खंडी 'व्यायामज्ञानकोशा'चें प्रकाशन १९३६ पासून होऊं लागलें, आणि देशी खेळांस त्यांत मानाचें स्थान मिळालें.

मुलींच्या खेळांपैकीं सागरगोट्यांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण ती वस्तु हातांत घेऊन पाहण्यासारखी आहे. सागरगोटा हा दगड नव्हे. एका कांटेरी वेलीसारख्या झुडुपाचें तें बीं. करड्या रंगाचें, गुळगुळीत, दांतानें फुटावयाचें नाहीं इतकें कठीण. हें बीं पाण्यावर तरंगतें. समुद्राच्या प्रवाहाबरोबर तें हजारों मैल दूरच्या किनाऱ्यांस लागलेलें सांपडतें, तेव्हां नांवांतला 'सागर' उगाच नाहीं. एक गोटा वर उडवावयाचा, तो खालीं येण्यापूर्वीं जमिनीवरचे एक, मग दोन, मग तीन असे उचलावयाचे, आणि त्याच हातानें वरचा झेलावयाचा. इतर गोट्यांस धक्का लागला तर डाव गेला. अगदीं ह्याच रीतीचा खेळ यूरोपांत मेंढीच्या घोट्याच्या हाडांनीं खेळत. ब्रूगल ह्या चित्रकारानें १५६० सालीं 'मुलांचे खेळ' म्हणून एक प्रसिद्ध चित्र काढलें; तें आज व्हिएन्ना येथील संग्रहालयांत आहे. त्यांत डाव्या कोंपऱ्यांत खालीं दोघीजणी हाडांचा हाच खेळ खेळत बसल्या आहेत. मुलांनीं मात्र ह्या बियांचा निराळाच उपयोग शोधून काढला होता: बीं दगडावर खसाखसा घांसावें आणि शेजाऱ्याच्या दंडास लावावें. घर्षणानें उष्णता उत्पन्न होते, हा पदार्थविज्ञानाचा सिद्धान्त वर्गांत शिकण्यापूर्वीं बहुतेकांनीं दंडावर शिकलेला असे.

आमच्या मतें मुलांनीं केलेल्या सर्व कायद्यांत श्रेष्ठ कायदा 'कच्च्या लिंबा'चा होय. पांच वर्षांचा धाकटा भाऊ पाठोपाठ आला, त्यास घरीं धाडलें तर तो रडणार, खेळांत घेतलें तर पहिल्याच फेरींत त्याच्यावर राज्य येणार आणि खेळाचा विचका होणार! तेव्हां कोणी तरी जाहीर करी, "हा कच्चा लिंबू." मग तो सर्वांबरोबर पळे, लपे, ओरडे, पण तो बाद होत नसे व त्याच्यावर राज्य येत नसे. खुबी अशी कीं, हें त्यास स्वतःस फारसें कळत नसे. पुढें एके दिवशीं कोणी म्हणे, "आतां हा कच्चा नाहीं," आणि त्याच दिवशीं राज्य येऊन तो रडकुंडीस येई. तरी दुसऱ्या दिवशीं सर्वांच्या आधीं हजर! २०१७ सालीं प्रसाद ओक ह्यांनीं दिग्दर्शित केलेल्या, एका विशेष मुलाच्या आईबापांची कथा सांगणाऱ्या मराठी चित्रपटास हेंच नांव दिलें आहे, तें आम्हांस फार समर्पक वाटतें.

ह्याच कायद्याचें एक पोटकलम आमच्या गल्लींत होतें. आमचा एक सोबती पोलिओनें एका पायानें अधू झाला होता. त्या काळीं असें एखादें मूल बहुतेक प्रत्येक गल्लींत असे. भारत पोलिओमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र मिळण्यास २०१४ चा मार्च उजाडावा लागला. त्यास कोणी कच्चा लिंबू म्हटलेलें त्यास खपत नसे. तेव्हां असें ठरलें कीं, विटीचे टोले त्यानें मारावे व त्याच्या वांट्याचें धांवणें दुसऱ्यानें धांवावें. मात्र तो बाद झाला तर बाद, त्यांत सवलत नाहीं. त्याचे टोले इतके लांब जात कीं धांवणाऱ्याची जागा घेण्यास कोणी राजी होईना. ही तडजोड करण्यास कोणीहि मोठें माणूस आलें नव्हतें. आठ दहा वर्षांच्या मुलांनीं अर्धा तास भांडून ती काढली होती.

परंतु ह्याच कायद्यांची दुसरी बाजू लिहिली नाहीं तर हा लेख अर्धवट राहील. वेशीबाहेरच्या वस्तींतील मुलें तोच विटीदांडू खेळत, तेच 'वकट, लेंड' म्हणत, आणि त्यांचे टोलेहि कमी लांब जात नसत. पण पुष्कळ गांवांतून त्यांस गल्लींतल्या खेळांत कोणी बोलावीत नसे. कच्च्या लिंबास जागा होती, त्यांस नव्हती. ज्या खेळांत एकानें दुसऱ्यास शिवावयाचें आणि शिवलेल्यावर राज्य यावयाचें, त्याचें नांव शिवाशिवी. आणि मोठीं माणसें सोंवळ्याओंवळ्याच्या गोष्टी बोलतांना जो शब्द वापरीत तोहि शिवाशिवच. मुलांनीं हा शब्द कोठून घेतला असेल हें फोड करून सांगावयास नको. दिनांक २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट केली. गल्लींतल्या खेळांपर्यंत ती बातमी पोहोंचण्यास त्यापुढें पुष्कळ वर्षें गेलीं. शाळेच्या मैदानावर ती लवकर पोहोंचली, ह्याचें कांहीं श्रेय आम्ही खो-खोस देतों. खो-खोंत आठ खेळाडू पाठोपाठ आलटून पालटून तोंडें करून बसतात, आणि बसलेल्याच्या पाठीस हात लावून 'खो' म्हटल्यावांचून खो पुरा होत नाहीं. एकदां ओळींत बसलें कीं कोणाची पाठ कोणाच्या हातास लागेल, ह्याचा विचार करण्यास सवड राहत नाहीं.

मुलींची गोष्ट निराळी. त्यांस खेळांत घेत, पण त्यांचा वेळच फार थोडा. दहा बारा वर्षांची झाली कीं मुलगी अंगणांतून नाहींशी होई. पाणी भरणें, धाकट्यास कडेवर घेणें, भाकरी थापणें हीं कामें तिची वाट पाहत असत. आश्विनांतला भोंडला किंवा हादगा हाच काय तो तिच्या हक्काचा. पाटावर हत्ती काढून त्याभोंवतीं फेर धरावयाचा, गाणीं म्हणावयाचीं, आणि शेवटीं डबा हालवून आंतली खिरापत ओळखावयाची. आजीस विचारा, खिरापत कोणासहि ओळखूं येऊं नये म्हणून तिच्या आईनें काय काय युक्त्या केल्या होत्या, तें ती आजहि सांगेल.

आतां चित्रपटांविषयीं. मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत दि. ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके ह्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, हें सर्वांस ठाऊक आहे. खेड्यापाड्यांतील मुलांस मात्र चित्रपट भेटला तो जत्रेंत, तंबूमध्यें. ट्रकमधून यंत्र यावयाचें, माळावर तंबू उभा राहावयाचा, पुढें मातींत बसावयाचें. एक हजार फुटांचें रीळ सुमारें अकरा मिनिटें चालतें. अडीच तासांच्या चित्रपटास अशीं चवदा तरी रिळें लागत. जेथें यंत्र एकच असे तेथें रीळ बदलतांना अंधार होई, आणि त्या अंधारांत आतां पुढें काय होणार ह्याविषयीं जे वाद होत ते कित्येकदां मूळ कथानकाहून सरस असत. ह्या तंबूंचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम व अमित मधेशिया ह्यांनीं एका माहितीपटांत टिपून ठेवले आहेत. तो २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत दाखविला गेला. त्यापूर्वींच थोड्या वर्षांत रिळांची जागा संगणकीय यंत्रांनीं घेतली होती.

रिळें होतीं तेव्हां त्यांचे तुकडे मुलांच्या हातीं येत, आणि त्यांतून एक घरगुती सिनेमा उभा राही. तो कसा, हें सविस्तर सांगतों. जळालेला विजेचा गोल दिवा घेऊन त्यांतील तारा काढून टाकावयाच्या व आंत स्वच्छ पाणी भरावयाचें. पाण्यानें भरलेला कांचेचा गोल हा एक जाड बहिर्वक्र भिंगच होय. खोलीचीं दारें लावून अंधार करावयाचा. बाहेर उन्हांत एकानें आरसा धरून कवडसा खिडकीच्या फटींतून आंत पाडावयाचा. त्या कवडशांत आधीं फिल्मचा तुकडा व त्यापुढें सुमारें दोन बोटांवर दिवा धरला कीं समोरच्या धोतरावर दोन फूट रुंदीचें रंगीत चित्र उमटे! भिंगामुळें चित्र उलटें पडतें, म्हणून फिल्म खालचें वर करून धरावी लागे. गोलाकार भिंगाचा दोष असा कीं मधला भाग स्पष्ट व कडा धूसर; पण मध्यें नायकाचें तोंड आलें म्हणजे कडांची तक्रार कोण करतो? खरें कष्ट बाहेरच्या मुलाचे. सूर्य सरकतो तसा कवडसा सरकतो. त्यामुळें त्यास सारखा आरसा फिरवीत उन्हांत उभें राहावें लागे आणि सिनेमा तर दिसत नसे. हें काम पाळीपाळीनें करावयाचें असा कायदा होता, आणि तो मोडण्यावरूनच बहुतेक कंपन्या फुटत. दिवा फोडण्यांत हात कापण्याचें भय असे. आज कोणास हा प्रयोग करावयाचा असेल तर त्यानें शाळेच्या प्रयोगशाळेंतील गोल बुडाचा कांचेचा चंबू शिक्षकांच्या देखरेखीखालीं वापरावा. तो ह्या कामास दिव्याहूनहि सरस आहे.

ह्यांतले काय गेलें व काय राहिलें? कांहीं खेळ तर थोर झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं हुतूतूचें प्रात्यक्षिक दाखविलें. १९९० पासून तो कबड्डी ह्या नांवानें आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्यें नवी दिल्लीस झाली व पुरुष आणि महिला ह्या दोन्ही गटांत भारतच विजयी झाला. विटीदांडू, लगोरी, ऐसपैस मात्र मागें राहिले. त्यांस मोकळी गल्ली लागते. तेथें आतां मोटारी उभ्या असतात. त्यांस दुपार लागते. ती शिकवणीवर्गांनीं नेली. पालकांनीं मुलांस दोष देण्यापूर्वीं ह्या दोन गोष्टी कोणीं केल्या ह्याचा विचार करावा.

मोबाइलवरच्या खेळांविषयीं आम्ही सरसकट निंदा करणार नाहीं. त्यांत चपळाई आहे, दूरदूरच्या मुलांशीं सहकार्य आहे, आणि कित्येक चित्रें खरोखर सुंदर आहेत. आमची हरकत एकच आहे: तेथें कायदा करणारा कोठें तरी दूर बसलेला असतो. त्याच्याशीं तंटा करतां येत नाहीं. अंगठा दाखवून 'टॅम्प्लीज' म्हणतां येत नाहीं. आणि धाकटा भाऊ शेजारीं येऊन बसला तर त्यास कच्चा लिंबू म्हणून आंत घेण्याची सोय खेळणाऱ्याच्या हातीं नसते. आमच्या अधू सोबत्याकरितां अर्धा तास भांडून जें कलम निघालें, तें तेथें काढावें म्हटलें तरी भांडावयाचें कोणाशीं?

शेवटीं एक विनंती. सुट्टींत आजोबाआजींकडे जाल तेव्हां पुढील गोष्टी विचारून एका कागदावर उतरून घ्या. तुमच्या गांवीं 'नाल' नंतर कोणते शब्द म्हणत, व त्या त्या शब्दाचा टोला कसा मारीत? लगोरींत ठिकऱ्या किती रचीत? चेंडू कशाचा करीत? राज्य ठरविण्याची रीत कोणती? आणि खेळांत कोणास घेत नसत? गांवाचें व तालुक्याचें नांव आणि साधारण साल तेवढें विसरूं नका. कागद वर्गशिक्षकांच्या हातीं दिले म्हणजे ते आमच्याकडे पोहोंचतील.